पूर्वजांच्या घरांचा नकाशा: कोकणातल्या कुळासाठी पहिल्यापासून

फोनमधल्या नकाशात गावाचं नाव टाकलं की एक पिन पडते. कोकणात ती कधी ग्रामपंचायतीवर पडते, कधी एसटीच्या थांब्यावर, कधी चक्क सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर. देशावर घरं गावठाणात दाटीनं बसलेली असतात, तिथं एवढ्यावर भागतं. कोकणातलं गाव म्हणजे आठ-दहा वाड्या, मध्ये डोंगर, व्हाळ (ओढा), कुठं खाडीचा फाटा. वरच्या वाडीतून खालच्या वाडीत जायला तासभराची चढउतार. अशा गावाच्या मध्यावर ठेवलेला ठिपका कुणाच्याच घरावर नसतो. म्हणून इथला नकाशा वाडीपासून सुरू करायचा आणि जमेल तिथं घराच्या जोत्यापर्यंत न्यायचा. जिथं जोत्यापर्यंत पोचता आलं नाही तिथं ते नकाशातच दिसलं पाहिजे. ठिपका किती खात्रीचा आहे हे न सांगणारा नकाशा पुढच्या पिढीला चुकीच्या जागी उभं करतो.

सामान फार लागत नाही. एक वही, स्मार्टफोन, संगणकावर एक्सेलसारखा तक्ता आणि क्यूजीआयएस हे नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर. क्यूजीआयएस जड वाटलं तर सुरुवात गूगल माय मॅप्सवर करा. त्यात एका नकाशात १० थर मावतात आणि एका थरात तक्त्यातल्या २,००० ओळी आणता येतात. एका कुळाला हे पुरून उरतं. जुना गावनकाशा आजच्या उपग्रहचित्रावर बसवायचा असेल तेव्हा मात्र क्यूजीआयएस लागतंच.

आधी तक्ता, नकाशा मागाहून

नवशिक्यांची सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे थेट नकाशावर पिना टोचत सुटणं. पन्नास पिना झाल्या की कुठली पिन कशाच्या आधारावर आहे ते आठवत नाही. त्यामुळे प्रत्येक जागेची एक ओळ आधी तक्त्यात लिहा. रकाने असे ठेवा: व्यक्ती किंवा घराणं, जागेचं नाव कागदात जसं आहे तसं, आजचं गाव, वाडी, तेव्हाचा तालुका-जिल्हा, आजचा तालुका-जिल्हा, सर्व्हे नंबर व हिस्सा, कधीपासून, कधीपर्यंत, अक्षांश, रेखांश, पुरावा, खात्री, शेरा.

खात्रीच्या रकान्यात चार अक्षरं पुरतात. 'अ' म्हणजे जागा पाहिली आणि कागदाशी जुळली. 'ब' म्हणजे सर्व्हे नंबर कळला, पण त्यात घर नेमकं कुठं ते नाही. 'क' म्हणजे वाडी माहीत, 'ड' म्हणजे नुसतं गाव. नकाशावर 'अ' ला भरीव ठिपका द्या, 'ब' ला पोकळ. 'क' आणि 'ड' ला ठिपका देऊच नका. वाडीभोवती किंवा गावाच्या शिवेभोवती फिकट रंग भरा. वापरताना लक्षात येईल की पहिल्या महिन्यात निम्म्याहून जास्त ओळी 'ड' मध्येच असतात. त्यात बिघडलेलं काही नाही.

एक माणूस तीन ठिकाणी राहिला तर तीन ओळी. एकाच ओळीत 'आधी गावी, नंतर परळला' असं लिहिलं तर काळानुसार नकाशा गाळता येत नाही.

अक्षांश-रेखांश दशांशात लिहा. १७ अंश १५ मिनिटं ३० सेकंद असेल तर १५ ला ६० नं भागा, ३० ला ३६०० नं, आणि बेरीज करा: १७.२५८३. दशांशानंतर चार आकडे म्हणजे साधारण ११ मीटरचा नेमकेपणा, पाच म्हणजे सव्वा मीटरच्या आत. घरासाठी पाच लिहा, वाडीसाठी तीन खूप झाले. कोकण किनाऱ्यावर अक्षांश साधारण १५.७ ते २०.२ आणि रेखांश ७२.६ ते ७४.२ या दरम्यान येतो. दोन रकान्यांची अदलाबदल झाली तर ठिपका नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो. नकाशा कोराच दिसला तर आधी हेच तपासा. आणि तक्ता सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) करून साठवताना 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडा, नाहीतर सगळ्या मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात.

घरातल्या कागदांत गाव शोधताना

कचेरीची पायरी चढण्याआधी घरातली ट्रंक उघडा. मनीऑर्डरच्या पावत्या आणि जुनी पोस्टकार्डं यांवर 'मु. पो.' नंतर बहुतेकदा 'व्हाया' असतं. तो शब्द सोडू नका, कारण टपाल कुठल्या बंदरातून किंवा नाक्यावरून जायचं ते त्यातून कळतं आणि एकाच नावाच्या दोन गावांतलं आपलं कुठलं ते ठरतं. शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव असतं. आईच्या माहेरी बाळंतपण झालेलं असल्यानं ते अनेकदा आजोळ निघतं. लग्नपत्रिका, मृत्युपत्र, खरेदीखत, गहाणखत हे सगळं बाजूला काढा. कुळाचा कुलवृत्तांत छापलेला असेल तर तोही घ्या, पण त्यातली गावं 'ड' खात्रीनंच तक्त्यात टाका.

कुलवृत्तांतात आणि वंशावळीत बायकांची माहेरं फार क्वचित असतात. त्यांच्यासाठी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईंजवळ बसावं लागतं आणि ते आधी करावं, कारण हा एकच पुरावा असा आहे की तो रेकॉर्ड रूममध्ये सापडत नाही. 'पणजीचं माहेर कुठलं?' या प्रश्नाला कधी नुसतं गावाचं नाव येतं. त्यापेक्षा 'माहेराहून माणूस आला तर कुठल्या वाटेनं यायचा, तर (होडीनं खाडी) ओलांडून की घाटी उतरून?' असं विचारलं की दिशा, अंतर, मधलं देऊळ सगळं बाहेर पडतं. परवानगी घेऊन आवाज फोनवर टिपा. वाडीचं नाव ज्या उच्चारात सांगितलं तसंच लिहून ठेवा. कागदोपत्री ते वेगळं असू शकतं.

'कर' लावलेल्या आडनावावरून घाईनं गाव ठरवू नका. पावसमध्ये राहणाऱ्याला पावसकर म्हणून ओळखायचं काही कारण नसतं. ते नाव बहुधा पावस सोडून दुसरीकडे गेल्यावर चिकटतं. असं आडनाव आधीच्या मुक्कामाकडे बोट दाखवतं. तो मुक्काम किती पिढ्यांपूर्वीचा, हे आडनाव सांगत नाही.

गाव कुठलं, तालुका कुठला

शिरगाव रत्नागिरी तालुक्यात आहे, चिपळूणला आहे आणि देवगडलाही आहे. कुंभवडे राजापुरात आहे आणि कणकवलीतही. जुन्या लोकांनी हा घोळ 'तर्फ' लावून सोडवला होता. कोंड्ये तर्फ सौंदळ आणि कोंड्ये तर्फ राजापूर ही दोन वेगळी गावं. कागदात 'तर्फ', 'बुद्रुक', 'खुर्द' असेल तर तो नावाचाच भाग समजून जसाच्या तसा लिहा.

जिल्हे-तालुके बदलत गेलेत, म्हणून तक्त्यात 'तेव्हाचा' आणि 'आजचा' असे दोन रकाने सांगितले. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या कागदावर मालवण, देवगड, वेंगुर्ले 'जि. रत्नागिरी' असेच दिसतात. रायगडचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून निघाला. दोडामार्ग आधी सावंतवाडी तालुक्यात होता. सावंतवाडी आणि कुडाळ सावंतवाडी संस्थानात, तर मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा जंजिरा संस्थानात होते. दोन्ही संस्थानं १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. त्याच्या आधीचा कागद इंग्रजी अमलातल्या जिल्ह्याच्या दप्तरात शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही, तो संस्थानी दप्तरात असतो. आणखी मागं गेलं तर तालुके किल्ल्यांच्या नावानं येतात: सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग. सुवर्णदुर्ग म्हणजे दापोली-हर्णैकडचा मुलूख, अंजनवेल म्हणजे गुहागर-चिपळूणकडचा.

मोडी कागदातल्या तारखा लगेच इसवी सनात आणून ठेवा. शकात ७८ मिळवायचे. जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली तिथी असेल तर ७९. सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी दप्तरातला सन, अक्षरात लिहिलेला असतो. 'तिसा अशर मयातैन व अलफ' म्हणजे ९, १०, २०० आणि १०००, एकूण १२१९. त्यात ५९९ मिळवले की १८१८ येतं. हा सन मृगाच्या सुमारास बदलतो, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवा.

गावांची जुनी इंग्रजी स्पेलिंगं, बंदरं, वाटा यांसाठी मुंबई गॅझेटियरचे दोन खंड उपयोगी पडतात: दहावा, रत्नागिरी व सावंतवाडीचा, १८८० चा, आणि अकरावा, कुलाबा व जंजिऱ्याचा, १८८३ चा. ठाण्यासाठी तेरावा. तिन्ही स्कॅन होऊन मोफत मिळतात.

सातबारा मागे मागे वाचत नेणं

आता महसुली कागद. आजच्या सातबारापासून सुरू करून फेरफारांच्या, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींच्या, साखळीनं मागं जायचं. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर आजचा उतारा पाहता येतो, पण आपल्या कामाचा खरा उतारा हातानं लिहिलेला जुना सातबारा. त्यात नावाजवळ वर्तुळात फेरफार क्रमांक असतो आणि ज्याचा हक्क गेला त्याच्या नावाला कंस केलेला असतो. तो क्रमांक घेऊन गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, मागायची. वारस नोंदीच्या फेरफारात मयताची तारीख आणि वारसांची यादी मिळते, अनेकदा मुलींची नावं त्यांच्या सासरच्या नावासह. माहेर-सासरच्या थरासाठी ही सोन्यासारखी नोंद आहे. जुने स्कॅन केलेले अभिलेख 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर आहेत. आपला तालुका त्यात आहे का ते बघून मगच गावी जायचं ठरवा.

ऑनलाइन नसेल तर दोन कचेऱ्या. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुने सातबारे, फेरफार आणि गाव नमुना १४ (जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) मिळते. भूमि अभिलेख उपअधीक्षकांच्या कचेरीत गावनकाशा, टिपण (मोजणीचा मूळ कच्चा नकाशा), फाळणी (हिस्से दाखवणारा नकाशा) आणि आकारफोड पत्रक (हिस्सावार क्षेत्र व सारा) मिळतं. अर्जात गाव, तालुका, सर्व्हे नंबर, हिस्सा आणि कुठल्या कागदाची नक्कल हवी ते नावानिशी लिहा. 'आमच्या जमिनीचे जुने कागद द्या' असा अर्ज केला की तो परत येतो.

देशावर बहुतेक ठिकाणी एकत्रीकरण होऊन गट नंबर आले. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतांश गावांत अजून सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरच चालतात, आणि एका सर्व्हे नंबरात वीस-पंचवीस हिस्से सहज असतात. म्हणून नुसता सर्व्हे नंबर लिहून थांबू नका. हिस्सा कुठं पडतो ते फाळणी नकाशात दिसतं. जुना आणि नवा नंबर वेगळे असतील तर दोन्ही जुळवणारं पत्रक मागून घ्या. हे न केल्यामुळे ठिपका भलत्याच डोंगरावर गेल्याचं पुष्कळदा दिसतं.

जुन्या कागदातलं क्षेत्र एकर-गुंठे-आण्यांत असतं. १६ आणे म्हणजे १ गुंठा, ४० गुंठे म्हणजे १ एकर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, आजच्या भाषेत १ आर पेक्षा किंचित जास्त. आजच्या उताऱ्यात हेक्टर-आर असतं, १०० आर म्हणजे १ हेक्टर. जुनं आणि नवं क्षेत्र जुळलं तर हिस्सा तोच असल्याची चांगली खूण. दुपटीचा फरक असेल तर मधला एखादा वाटपाचा फेरफार हातून सुटलेला आहे.

इथं दोन सापळे आहेत आणि दोन्ही कोकणाच्या इतिहासातूनच आलेले आहेत.

पहिला खोतीचा. खोत म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणारा वतनदार. खोती गावांत जमिनीच्या नोंदीत पिढ्यानपिढ्या खोताचंच नाव पुढं असतं. प्रत्यक्ष कसणारं कूळ कित्येकदा कागदावर दिसत नाही किंवा 'इतर हक्क' या रकान्यात असतं. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा, कुळकायदा १९४८ चा आणि कुळं मालक मानली गेली ती तारीख १ एप्रिल १९५७. त्यामुळे अनेक घराण्यांची नावं सातबाराच्या मुख्य रकान्यात पहिल्यांदा १९५७ नंतर उगवतात. त्याआधी ती तिथं नव्हती असा अर्थ काढणं घोर चूक आहे. अशा घराण्यांसाठी खोताकडची बोटखतं (कुळवार जमिनीच्या नोंदी), शाळेचं जनरल रजिस्टर, गाव नमुना १४ आणि देवळातले मान हे पुरावे सातबारापेक्षा मोलाचे ठरतात.

दुसरा सापळा राहण्याचा. सातबारा जमीन कुणाची ते सांगतो, माणूस कुठं राहायचा ते सांगत नाही. वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) घरापासून कोसावर असते, भात खाचर मळ्यात, खारजमीन खाडीकाठी. तीन सर्व्हे नंबरांवर तीन घरं मांडलेले नकाशे पाहण्यात येतात. प्रत्यक्षात घर एकच, तेही चौथ्या जागी, दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीत. घरासाठी पोटखराबात 'घरपड' अशी नोंद आहे का ते बघा आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा उतारा, काढा. घर क्रमांक मात्र आकारणीगणिक बदलतात, म्हणून क्रमांकाशेजारी वर्ष लिहिलंच पाहिजे.

खरेदीखतातली चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी, हा या सगळ्यातला सर्वांत सुंदर कागद. 'पूर्वेस व्हाळ, पश्चिमेस अमक्याची आगरी जमीन, दक्षिणेस पाणंद, उत्तरेस देवाची जमीन' इतकं मिळालं तरी काम होतं. व्हाळ आणि पाणंद हलत नाहीत, आणि शेजाऱ्याचं नाव दुसऱ्या उताऱ्यात शोधता येतं. एकाच वाडीतली चार-पाच खतं मिळाली की कोडं जुळवल्यासारखी अख्खी वाडी कागदावर उभी राहते. प्रत्येक खताचा छोटा चौकोन कापून चारी बाजूंना शेजाऱ्यांची नावं लिहा आणि टेबलावर मांडून बघा. संगणकापेक्षा हे लवकर होतं.

गावात फिरणं

जोती शोधायला फेब्रुवारी ते मेची पहिली पंधरवडी योग्य. गवत वाळलेलं असतं, रानमोडी करपलेली असते. पावसात आणि दिवाळीपर्यंत पाच फुटांवरचा गडगा (दगडी कुंपण) दिसत नाही. सड्यावर, गडग्यात, पडक्या चिऱ्यांत फुरसं हा विषारी साप असतो. पायात घोट्यापर्यंतचे बूट आणि हातात काठी हवीच, हात न दिसणाऱ्या जागी घालायचा नाही, एकट्यानं जायचं नाही.

काय बघायचं? जांभ्याच्या चिऱ्यांचं जोतं, तुळशीवृंदावनाचा चौथरा, विहीर, पाटाची डोण, दगडी जातं किंवा उखळ पुरलेली जागा. रानात मध्येच नारळ, सुपारी, जुना कलमी आंबा किंवा अनंताचं झाड असेल तर तिथं कुणीतरी राहत होतं. दोन गडग्यांमधून वर जाणारी पाखाडी (पायऱ्यांची वाट) बहुधा घराशीच संपते.

मोबाइलचं लोकेशन मोकळ्या जागी पाच-दहा मीटरपर्यंत बरोबर येतं. फणसा-पोफळीच्या दाट सावलीत आणि डोंगराच्या कुशीत ते पंधरा-वीस मीटर सहज भरकटतं. जोत्याच्या मध्यावर दोन मिनिटं थांबा, अचूकतेचं वर्तुळ लहान होऊ द्या, मग नोंद करा. पुन्हा तासाभरानं तिथूनच दुसरी नोंद घेऊन सरासरी काढा. जोत्याची लांबी-रुंदी टेपनं मोजा आणि दार कुठल्या दिशेला ते लिहा.

जागा ओळखायला शिमग्याच्या पालखीचा मार्ग विचारा. पालखी घराघरांत कुठल्या क्रमानं जाते, कुठं आधी थांबते, कुठल्या पडक्या जोत्याशी अजूनही नारळ ठेवला जातो, हे गावात पक्कं ठाऊक असतं. घर मोडलं, माणसं मुंबईला गेली तरी मान त्या जागेचा राहतो. कागद नसलेल्या घराण्यांना यापेक्षा भक्कम खूण मिळणं कठीण.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशीच मोकळेपणानं सांगावी. कोकणात कुणी सर्व्हे नंबर विचारत फिरू लागला की भाऊबंदांना वाटतं, वाटणीचा दावा येतोय. 'जमिनीत मला काही नको, घर कुठं होतं एवढंच हवंय' असं थोरल्या घरात जाऊन आधी सांगा आणि तक्ता त्यांना दाखवा. ही पायरी गाळली तर तोंडं मिटतात आणि पुन्हा उघडत नाहीत.

गावनकाशा उपग्रहचित्रावर बसवणं

हा भाग सावकाश करा. गावनकाशाची नक्कल सपाट ठेवून ३०० डीपीआयला स्कॅन करा. फोननं फोटो काढायचाच झाला तर बरोबर वरून, घडी काच ठेवून दाबून. कोपऱ्यातलं प्रमाण वाचा. १:५००० म्हणजे नकाशावरचा १ मिलिमीटर जमिनीवर ५ मीटर. जुन्या नकाशावर '१ इंच = २० साखळ्या' असेल आणि साखळी ३३ फुटांची असेल तर १ इंच म्हणजे ६६० फूट, प्रमाण १:७९२०, आणि १ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ ८ मीटर. पेन्सिलच्या जाड रेघेएवढी चूक म्हणजे एका घराची रुंदी, हे डोक्यात ठेवा.

क्यूजीआयएसमध्ये पार्श्वभूमीला उपग्रहचित्र घ्या आणि जिओरेफरन्सर, म्हणजे स्कॅनला जमिनीवरची जागा देणारं साधन, उघडून स्कॅन आत आणा. प्रक्षेपण 'डब्ल्यूजीएस ८४ / यूटीएम झोन ४३ उत्तर' निवडा, ईपीएसजी क्रमांक ३२६४३. सगळं कोकण याच झोनमध्ये येतं आणि अंतरं मीटरमध्ये मिळतात. आता दोन्हीकडे दिसणाऱ्या जागांच्या जोड्या लावायच्या. गणिताला तीन पुरतात, कामाला आठ-दहा हव्यात, आणि त्या नकाशाच्या चारी कोपऱ्यांत विखुरलेल्या असाव्यात. सगळे बिंदू देवळाजवळ घेतले तर देऊळ बरोबर बसतं आणि शिवेजवळची वाडी शंभर मीटर सरकते.

कुठले बिंदू घ्यावेत? ग्रामदेवतेचं देऊळ, जुना दगडी साकव (छोटा पूल), विहीर, गडग्यांचे काटकोन, तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड. कुठले घेऊ नयेत? खाडीचा काठ, वाळूचा दांडा, नदीचं वळण, कारण ही दर पावसाळ्यात सरकतात. देवळाचाही जीर्णोद्धार होताना जागा बदललेली नाही ना, हे पुजाऱ्याला विचारा. रस्त्यांचे तिठे रुंदीकरणात हललेले असतात.

नकाशा स्वच्छ असेल तर 'पॉलिनॉमियल १' ही पद्धत निवडा. प्रत्येक बिंदूपुढे चूक दिसते; ती पिक्सेलमध्ये असेल तर सेटिंगमध्ये नकाशाचं एकक निवडा, म्हणजे मीटरमध्ये येते. १० मीटरच्या आत असेल तर उत्तम. एकच बिंदू ३०-४० मीटर दाखवत असेल तर तो चुकीच्या जागी लागलाय, काढून टाका. कागद आखडलेला, घड्या पडलेला असेल तर 'थिन प्लेट स्प्लाइन' आणि पंधरा-वीस बिंदू. या पद्धतीत चूक शून्य दिसते, तिला भुलू नका: ती पद्धत प्रत्येक बिंदूला ओढून जागेवर बसवतेच, बिंदू चुकीचा असला तरी. खरेपणा तपासायला दोन-तीन ओळखीच्या जागा मुद्दाम बाजूला ठेवा, त्यांची जोडी लावू नका, आणि नकाशा बसवल्यावर त्या किती चुकतात ते मोजा. तेवढाच तुमच्या नकाशाचा खरा नेमकेपणा.

सरकारच्या भू-नकाशा संकेतस्थळावर गावाचे प्लॉट ऑनलाइन दिसतात, हिस्सा साधारण कुठं आहे ते कळायला ते छान. उपग्रहचित्राशी ते तंतोतंत जुळतीलच असं नाही, म्हणून त्यावरून काढलेला ठिपका 'ब' खात्रीचाच समजा.

सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशेही हाताशी ठेवा. त्यात १ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर, त्यामुळे घर नाही मिळणार, पण पायवाटा, घाट्या आणि वाड्यांची नावं मिळतात. जुन्या क्रमांकांत गुहागर-दापोली-चिपळूण ४७ जी मध्ये, रत्नागिरी ते मालवण ४७ एच मध्ये, वेंगुर्ले-सावंतवाडी ४८ ई मध्ये. तिलारी धरणाखाली गेलेल्या दोडामार्गातल्या वाड्यांसाठी तर धरणाआधीचा नकाशा हाच आधार, आजच्या उपग्रहचित्रात तिथं पाणी आहे.

थर आणि पाणवाटा

घरं, जमिनी, माहेर-सासर, मुंबईतले मुक्काम आणि वाटा असे पाच थर वेगळे ठेवा. वाटांचा थर बहुतेक जण करत नाहीत, आणि कोकणात तोच सगळ्यात जास्त उलगडून दाखवतो. आजच्या रस्त्यानं दाभोळहून धोपाव्याला जायचं तर चिपळूणकडून वळसा पडतो; तरीत बसलं की खाडी ओलांडली. पणजीचं माहेर 'इतक्या लांब' कसं, असा प्रश्न पडला तर रस्ता पुसा आणि खाडी बघा. घरापासून तरीपर्यंत, तरीपासून बंदरापर्यंत पायवाट आखा. जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले इथून बोटीनं मुंबई गाठली जायची. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ मध्ये, त्याआधीच्या पिढ्यांचा नकाशा रेल्वे स्टेशनांभोवती रचू नये.

मुंबईच्या थरात रस्त्यांची जुनी नावं अडवतात. डिलाइल रोड म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, लॅमिंग्टन रोड म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ पासून प्रभादेवी. चाळ पाडून टॉवर उभा असेल तर ठिपका चाळीच्या जागेवर ठेवा आणि शेऱ्यात तसं लिहा. गावकऱ्यांच्या मंडळाची खोली सापडली तर तिचे जुने हिशेब आणि सभासदांच्या वह्या पाहायला मागा. गावातून कोण कुठल्या वर्षी आला आणि कुठल्या वाडीचा, हे तिथं मिळू शकतं.

छापून गावात नेणं

नकाशा ए३ कागदावर छापा. उत्तर दिशा, मोजपट्टी, खात्रीच्या खुणांचा अर्थ आणि नकाशा केल्याची तारीख त्यावर असू द्या. हयात माणसांचे पत्ते आणि सध्याच्या मालकीचे सर्व्हे नंबर सगळ्यांना वाटायच्या प्रतीतून काढून टाका. ते घरच्या प्रतीत राहू द्या. मूळ माहिती सीएसव्ही, केएमएल (नकाशाची फाइल) आणि पीडीएफ अशा तिन्ही रूपांत दोन ठिकाणी साठवा, एकाच कंपनीच्या खात्यावर ठेवू नका.

गणपतीत किंवा शिमग्याला चाकरमानी गावी असतात तेव्हा तीन-चार प्रती फिकट रंगात छापून न्या, सोबत लाल पेनं. म्हाताऱ्यांना पडद्यावर बोट ठेवायचा संकोच वाटतो, कागदावर वाटत नाही. 'विहीर इथं नाही, वरच्या दळ्यात' असं म्हणून ते स्वतः खूण करतात. कुणी काय दुरुस्त केलं ते त्यांच्या नावानिशी आणि तारखेनिशी आधी तक्त्यात उतरवा, जागा पाहून या, आणि मगच ठिपका हलवा.